पाचपैकी एकच जिंकला, म्हणजे संघ संपला का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मधे मधे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

माहूरहून बोलतोय. आजचा भाग क्रिकेटचा आहे, पण कोणी किती सिक्स मारले त्याचा नाही. आज हिशेब करायचाय. हाताशी कागद-पेन असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

प्रश्न साधा आहे. आयपीएलचा अर्धा हंगाम झालाय आणि आपला संघ गुणतक्त्यात खाली आहे. तो खरंच वाईट खेळतोय, की थोडक्यात थोडक्यात मार खातोय? आणि जो वर बसलाय तो खरंच भारी आहे, की काठाकाठाने जिंकत वर गेलाय? मे महिना संपल्यावर हे सगळ्यांनाच कळतं. एप्रिलमध्ये कसं ओळखायचं, ते आज बघू.

माझा याच्याशी संबंध काय, तेही सांगतो. मी माहूर-किनवट पट्ट्यातल्या टेनिस बॉल स्पर्धांना स्कोअर लिहितो. स्कोअर लिहिणाऱ्याला एक सवय लागते. लोक कोण जिंकलं ते बघतात, तो किती फरकाने जिंकलं ते बघतो. आजचा सगळा भाग त्या फरकावरच आहे.

आता २०२५चा एप्रिल आठवा. मुंबई इंडियन्स. पहिला सामना चेन्नईत हरले. दुसरा अहमदाबादला गुजरातकडून हरले. तिसरा वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध जिंकले. चौथा लखनऊत हरले. आणि ७ एप्रिलला पाचवा, वानखेडेवरच, बंगळुरूकडून हरले. पाचपैकी एक विजय, गुण फक्त दोन. आपल्याकडे टपरीवर त्या दिवसांत एकच वाक्य होतं, "अबे, यंदा मुंबईचं काही खरं नाही."

पण त्याच गुणतक्त्यात सगळ्यात उजवीकडे एक बारीक आकडा असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे शेवटच्या आठवड्यातच बघतात. तो म्हणजे नेट रनरेट. पाच सामन्यांनंतर मुंबईचा नेट रनरेट होता उणे ०.०१०, म्हणजे जवळजवळ शून्य. चार सामने हरलेल्या संघाचा रनरेट शून्याजवळ कसा काय? इथेच थांबून विचार करायला हवा होता.

आधी हा आकडा निघतो कसा ते बघू. गणित चौथीच्या पोराचं आहे. संघाने केलेल्या सगळ्या धावा भागिले खेळलेल्या सगळ्या ओव्हर. त्यातून वजा करायचं, दिलेल्या सगळ्या धावा भागिले टाकलेल्या सगळ्या ओव्हर. झालं.

मुंबईचे आकडे घ्या. केलेल्या धावा १५५, १६०, १२१, १९१ आणि २०९. बेरीज ८३६. दिलेल्या धावा १५८, १९६, ११६, २०३ आणि २२१. बेरीज ८९४. नुसती बेरीज बघितली तर मुंबई ५८ धावांनी मागे आहे. पण थांबा. कोलकात्याविरुद्ध मुंबईला ११७ धावाच हव्या होत्या. त्या झाल्या की सामना संपला. मुंबईने १२.५ ओव्हरमध्ये १२१ केल्या आणि बॅट काखेत मारून निघाले. उरलेल्या ४३ बॉलमध्ये त्यांनी अजून सत्तर-ऐंशी केल्या असत्या, पण नियमाने तिथे खेळच थांबतो. म्हणून क्रिकेटमध्ये नुसत्या धावांची बेरीज फसवते. पाठलाग करून जिंकणारा संघ कागदावर नेहमी गरीब दिसतो. ओव्हरने भागलं की हा घोळ सुटतो. मुंबईने ९२ ओव्हर ५ बॉलमध्ये ८३६ केल्या, म्हणजे ओव्हरला ९.००५. आणि दिल्या ९९ ओव्हर १ बॉलमध्ये ८९४, म्हणजे ओव्हरला ९.०१५. वजाबाकी करा, उणे ०.०१०.

यात एक नियम लपलाय, तो माहीत असू द्या. कोलकात्याचा संघ १६.२ ओव्हरमध्येच ऑलआउट झाला होता. पण हिशेबात त्यांच्या पूर्ण २० ओव्हर धरल्या जातात. ऑलआउट झालात म्हणजे तुमच्या वाट्याच्या ओव्हर तुम्हीच वाया घालवल्या, असा त्यामागचा विचार. तो नियम नसता तर मुंबईचा आकडा उणे ०.३६च्या आसपास गेला असता. म्हणजे हा आकडा काही देवाने दिलेला नाही. माणसांनी ठरवलेल्या नियमाने निघालेला आहे. नियम कळला तरच आकडा वाचता येतो.

आता मुख्य मुद्दा. जिंकलं की हरलं यापेक्षा फरक का बघायचा?

आपल्या भागातली गोष्ट घ्या. ऑक्टोबरमध्ये कापसाचं रान कसं आहे हे ठरवायला शेतकरी फक्त बाजारात गेलेला कापूस मोजत नाही. पहिली वेचणी किती झाली हे त्याला माहीत असतंच, पण तो रानात जाऊन झाडाला बोंडं किती लागलीत ते बघतो. पहिली वेचणी पावसात सापडून कमी भरली असेल, पण झाड बोंडांनी लगडलेलं असेल तर तो घाबरत नाही. उलट पहिली वेचणी चांगली झाली आणि झाडावर पुढचं काही नसेल, तर तो हसतही नाही. गुणतक्त्यातले गुण म्हणजे वेचून झालेला कापूस. फरक म्हणजे झाडावरची बोंडं. सरकारसुद्धा पिकाची पैसेवारी एकदाच काढत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. अर्ध्या हंगामातला अंदाज हा नजरअंदाजच असतो, तो सुधारायची तयारी ठेवावी लागते.

खेळात हा विचार पक्का केला तो बेसबॉलवाल्यांनी. अमेरिकेत बिल जेम्स नावाचा माणूस होता. कॅन्सस राज्यात डबाबंद अन्नाच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा वॉचमन होता. ड्युटीवर बसून बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ साली त्याने स्वतःच्या खर्चाने त्या आकड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. पुढे २००३ मध्ये बोस्टन रेड सॉक्स या मोठ्या संघाने त्याला सल्लागार म्हणून घेतलं आणि २००४ मध्ये त्या संघाने ८६ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं.

या बिल जेम्सने एक सूत्र काढलं. बेसबॉलमध्येही धावा असतात, त्यांना रनच म्हणतात. एका सामन्यात एक संघ साधारण चार-पाच रन करतो. सूत्र असं, की केलेल्या रनचा वर्ग घ्या, दिलेल्या रनचा वर्ग घ्या. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या प्रमाणात तो संघ सामने जिंकायला हवा. वर्ग आणि त्यांची बेरीज बघून लोकांना काटकोन त्रिकोण आठवला, म्हणून त्याचं नावच पडलं पायथागोरसचं सूत्र. दहावीतला पायथागोरस इथेही भेटतो बघा.

उदाहरण घेऊ. २०१२ साली बॉल्टिमोर ओरिओल्स या संघाने १६२ सामन्यांत ७१२ रन केल्या आणि ७०५ दिल्या. फरक फक्त सातचा. सूत्राने त्यांचे विजय यायला हवे ८२. प्रत्यक्षात जिंकले ९३! हे अकरा विजय जास्तीचे कुठून आले? एका रनने ठरलेले ३८ सामने त्या संघाने खेळले, त्यातले २९ जिंकले. सूत्रावर विश्वास ठेवणारे म्हणत होते की एका रनचे सामने एवढे कोणी सतत जिंकत नाही. पुढच्या वर्षी हाच संघ ८५ विजयांवर आला. पण हेही लक्षात ठेवा, की २०१२च्या त्या हंगामात संघ शेवटपर्यंत काही घसरला नाही. बाद फेरीत गेलाच. म्हणजे सूत्राने दिशा बरोबर सांगितली, वेळ नाही सांगितली.

हे सूत्र जसंच्या तसं उचलून आयपीएलला लावता येत नाही. एक कारण वर आलंच, पाठलाग मधेच थांबतो. दुसरं असं, की बेसबॉलमध्ये पाच विरुद्ध चार रन म्हणजे पंचवीस टक्क्यांचा फरक. टी-ट्वेंटीत १८० विरुद्ध १७० हा चांगला विजय असतो, पण टक्क्यांत बघितलं तर सहाच. नुसता वर्ग करून एवढा बारीक फरक उठून दिसत नाही, सगळे संघ निम्म्यालाच येऊन बसतात. म्हणून सूत्र सोडून द्या, त्यातला विचार घ्या. आपल्यासाठी नेट रनरेट पुरेसा आहे.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. बेसबॉलचा अर्धा हंगाम म्हणजे ८१ सामने. आयपीएलचा अर्धा हंगाम म्हणजे ७. सात सामन्यांत नशीब किती खेळतं? नाणं सात वेळा उडवा. पाच किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता १२८ पैकी २९, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. दोन किंवा कमी वेळा पडायचीही तेवढीच. म्हणजे असं समजा की दहाही संघ अगदी सारखे आहेत, कोणी कोणापेक्षा तिळभर भारी नाही. तरीसुद्धा सात सामन्यांनंतर साधारण चार-पाच संघ एकतर 'फॉर्मात' दिसतील नाहीतर 'संपलेले' दिसतील. आणि चॅनलवाले त्यावर रात्रभर चर्चा करतील! सामना एका निकालात संपतो, पण त्याच सामन्यात जवळपास २४० बॉल पडलेले असतात. निकाल एकच गोष्ट सांगतो, फरक त्या सगळ्या बॉलचं थोडं थोडं सांगतो. म्हणून सात-आठ सामन्यांत फरकाचा आकडा निकालांपेक्षा कमी डगमगतो.

आता खरी परीक्षा. २० एप्रिल २०२५च्या रात्रीचा गुणतक्ता काढा. लखनऊ सुपर जायंट्स आणि मुंबई इंडियन्स, दोघांचे आठ-आठ सामने झालेले. लखनऊ पाच जिंकून १० गुणांवर, पाचव्या क्रमांकावर. मुंबई चार जिंकून ८ गुणांवर, सहावी. गुण बघितले तर लखनऊ पुढे. आता उजवीकडचा आकडा बघा. लखनऊ अधिक ०.०८८, मुंबई अधिक ०.४८३.

लखनऊचे पाच विजय उलगडून बघू. मुंबईला हरवलं १२ धावांनी. कोलकात्याला ४ धावांनी. राजस्थानला २ धावांनी. गुजरातला ३ बॉल राखून. मोकळा म्हणावा असा विजय एकच, हैदराबादविरुद्ध २३ बॉल राखून. पराभवही तसेच, तीनपैकी दोन सामने शेवटच्या ओव्हरमध्ये गेलेले. म्हणजे हा संघ वाईट नव्हता, मध्यम होता. पाचाच्या जागी तीनही झाले असते, सहाही झाले असते. मुंबईचं बघा. ७ एप्रिलनंतर सलग तीन विजय, त्यातला चेन्नईविरुद्धचा तर २६ बॉल राखून. लोक "नऊ गडी राखून" म्हणाले, पण नेट रनरेटला गडी कळत नाहीत, त्याला उरलेले बॉल कळतात.

पुढच्या सहा सामन्यांत काय झालं? २७ एप्रिलला हे दोघं वानखेडेवर समोरासमोर आले आणि मुंबई ५४ धावांनी जिंकली. उरलेल्या सहापैकी मुंबईने चार जिंकले, लखनऊने फक्त एक. मुंबई १६ गुणांनी चौथी येऊन प्लेऑफमध्ये, लखनऊ १२ गुणांनी सातवं. मुंबईचा शेवटचा नेट रनरेट अधिक १.१४२, दहाही संघांत सगळ्यात जास्त.

आता तुम्ही म्हणाल, वा, म्हणजे रनरेट बघायचा आणि डोळे मिटून सांगायचं! नाही हो. माझ्या मुद्द्याला सोयीचं उदाहरण दिलं तर गैरसोयीचं पण द्यायला पाहिजे.

२०२४. रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू. आठ सामन्यांत एक विजय, सात पराभव. आणि नेट रनरेट उणे १.०४६. इथे थोडक्यात हरलो म्हणायलाही जागा नव्हती. कोलकात्याविरुद्ध एका धावेने हरले ते सोडा, पण मुंबईने त्यांचं आव्हान २७ बॉल राखून पार केलं होतं, हैदराबादने त्यांच्याविरुद्ध २८७ ठोकल्या होत्या. आकड्याने सरळ सांगितलं होतं की संघ खरंच वाईट खेळतोय. आणि मग काय केलं त्यांनी? सलग सहा जिंकले. १८ मेच्या शेवटच्या सामन्यात चेन्नईला २७ धावांनी हरवलं आणि दोघांचे गुण सारखे, १४-१४, असताना अधिक ०.४५९ विरुद्ध अधिक ०.३९२ अशा रनरेटच्या फरकानेच प्लेऑफ गाठला. ज्या आकड्याने एप्रिलमध्ये त्यांना बुडवलं होतं, त्यानेच मेमध्ये तारलं.

अजून एक. २०१५ची मुंबई. पहिले चारही सामने हरले. साखळी संपली तेव्हा त्यांचा नेट रनरेट उणे ०.०४३ होता, म्हणजे बेरीज-वजाबाकीत संघ तोट्यातच. आणि तोच संघ ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून चॅम्पियन झाला. उलट २०२५ची मुंबई, सगळ्यात भारी रनरेट असून, १ जूनला क्वालिफायरमध्ये २०३ धावा करूनही पंजाबकडून हरली. श्रेयस अय्यरने ४१ बॉलमध्ये नाबाद ८७ मारल्या आणि सगळा हिशेब एका रात्रीत गुंडाळला. हंगामाचा आकडा साखळीत कामाला येतो. बाद फेरी एका रात्रीची असते, तिथे तो फार मदत करत नाही.

मग आकडा चुकतो कुठे? एक तर त्याला संघात कोण आलं, कोण गेलं हे माहीत नसतं. मुंबईसाठी जसप्रीत बुमराह पहिले चार सामने दुखापतीमुळे नव्हता, तो पाचव्या सामन्यात आला. म्हणजे सुरुवातीचे आकडे हे बुमराह नसलेल्या मुंबईचे होते. पुढे सलग सहा विजय आले ते बुमराह असलेल्या मुंबईचे. हे कारण कागदावर नाही, ते तुम्हाला जोडावं लागतं. दुसरं, एखादा फार मोठा विजय सगळा आकडा फुगवतो. मुंबईने १ मेला राजस्थानला १०० धावांनी हरवलं. असा एक सामना तीन-चार किरकोळ पराभव झाकून टाकतो. पाच सामन्यांनंतरचा उणे ०.०१०सुद्धा कोलकात्याच्या एका सामन्यामुळेच एवढा सावरला होता.

म्हणून मी एक पद्धत वापरतो, तीच सांगतो. नेट रनरेट बघायचा, पण त्यावर थांबायचं नाही. प्रत्येक सामन्याचा फरक एकाखाली एक हाताने लिहायचा. पहिली बॅटिंग करून जिंकले तर धावांत, पाठलाग करून जिंकले तर उरलेल्या बॉलमध्ये. मग सगळ्यात मोठा विजय खोडायचा, सगळ्यात मोठा पराभव खोडायचा. उरलेलं वाचायचं. पाच सामन्यांच्या मुंबईत कोलकात्याचा विजय खोडा, गुजरातकडून ३६ धावांनी झालेला पराभव खोडा. काय उरलं? चेन्नईकडून ५ बॉल बाकी असताना, लखनऊकडून १२ धावांनी, बंगळुरूकडून १२ धावांनी. तिन्ही पराभव, पण तिन्ही जवळचे. आता याला 'संपलेला संघ' म्हणायचं की 'थोडक्यात हरणारा संघ' म्हणायचं? दुसरं नाव बरोबर आहे, आणि थोडक्यात हरणाऱ्या संघाला दुरुस्ती थोडीच लागते.

यावरून आपल्याकडचीच एक गोष्ट सांगतो. नावं घेत नाही. गावागावांच्या आठ संघांची लीग होती, आठ-आठ ओव्हरचे सामने, प्रत्येकाला सात सामने. एका गावाचा संघ चारपैकी तीन हरला. कॅप्टन एकोणीस वर्षांचा पोरगा. वर्गणी देणारी मोठी माणसं चिडली. कॅप्टन बदला, पुढच्या सामन्याला बाहेरून दोन पाहुणे प्लेअर आणा, पैसे आम्ही देतो, असं ठरत आलं. गावची दोन पोरं बसणार होती आणि तो पोरगा तर बॅट ठेवूनच देतो म्हणत होता.

स्कोअरवही माझ्याकडे होती. मी त्यांना बसवून फरक वाचून दाखवले. एक पराभव चार धावांनी, एक दोन धावांनी, एक शेवटच्या बॉलवर. आणि एकमेव विजय ३१ धावांनी. चार सामन्यांत तीन पराभव, तरी नेट रनरेट प्लसमध्ये. एक काका म्हणाले, "अरे, हरलं ते हरलं. चार धावांनी काय अन् चाळीसने काय, गुण तर शून्यच ना!" बोलणं बरोबर होतं त्यांचं, झालेल्या सामन्यापुरतं. मी म्हटलं, "काका, झालेल्याचं नाही विचारत, पुढच्या तीन सामन्यांचं विचारतोय. चार धावांनी हरणारी पोरं आणि चाळीसने हरणारी पोरं, यातल्या कुणाला बाहेरचे प्लेअर लागतात?"

मग वही अजून उलटवली. तीनही पराभवांत शेवटच्या दोन ओव्हरमध्ये वाइड पडलेले. एकात पाच, एकात चार, एकात तीन. सामना तिथे गेला होता. म्हणजे रोग कॅप्टनमध्ये नव्हता, शेवटच्या दोन ओव्हरमध्ये होता. त्यांनी बॉलर बदलला, कॅप्टन ठेवला. पुढच्या तीनपैकी दोन जिंकले, एक हरले. सेमीफायनल हुकलीच, कारण आधीचे गुण परत येत नाहीत. पण दोन पोरं संघातच राहिली आणि तो पोरगा अजून खेळतोय. पुढच्या वर्षीची वर्गणी त्या काकांनीच पहिली दिली.

मला फरकाचा आकडा आवडतो तो यासाठी. कोण जिंकणार हे सांगण्यासाठी नाही. ज्याला आपण अर्ध्यातच मोडीत काढायला निघालोय, तो खरंच मोडीचा आहे का, हे एकदा तपासण्यासाठी. आणि मोडका असेल तर कुठे मोडलाय ते शोधण्यासाठी.

आणि हो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या हिशेबावर पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला, तो प्रश्न कायद्याचा झाला. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आत्ताच बघितलं ना, उणे १.०४६वाला संघ सलग सहा जिंकतो आणि अधिक १.१४२वाला एका रात्रीत घरी जातो. ज्या आकड्यात एवढी फट आहे, त्यावर बापाच्या सोयाबीनचे पैसे लावायचे नसतात.

तर पुढच्या हंगामात एवढंच करून बघा. सात सामने झाले की आपल्या संघाचे सातही फरक कागदावर लिहा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट खोडा. उरलेल्या पाचांसमोर कारण लिहा, कोण नव्हतं, मैदान कोणाचं होतं, शेवटच्या ओव्हरमध्ये काय झालं. मग खाली एका ओळीत तुमचा नजरअंदाज लिहा, तारीख टाका आणि कागद जपून ठेवा. दहा सामने झाले की सुधारित लिहा. मेअखेर तिन्ही ओळी शेजारी ठेवून वाचा. आणि गावच्या लीगला स्कोअर लिहीत असाल तर फक्त 'जिंकले-हरले' लिहून वही मिटू नका, वाइड आणि नोबॉल वेगळे लिहा. नंतर तेच कामाला येतात.

पुढच्या भागात याच वहीतून अजून एक गोष्ट काढू. टॉस जिंकला की सामना जिंकला, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. ते किती खरं आहे, तेवढं बघू. तोवर स्वतःला जपा, काळजी घ्या. भेटू.